खाडीकाठच्या जेटीवर होडी ठेवायची आहे? नेरूळ-बेलापूरच्या नवख्यांसाठी

पाम बीच रोडलगत किंवा बेलापूरच्या खाडीकडे तोंड असलेल्या इमारतीत राहायला आलं की वर्षभरात घरात विषय निघतोच: चार घरं मिळून एक छोटी फायबरची होडी घेऊया. बेत चांगला आहे. फक्त हे लक्षात ठेवा, की दुपारी बाल्कनीतून दिसणारं भरलेलं पाणी संध्याकाळी तिथे नसतं. तिथे चिखल असतो. पुढचं सगळं मार्गदर्शन पंधरा ते अठरा फुटांच्या, आउटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून लावायच्या) इंजिनाच्या आणि सामाईक जेटीवर राहणाऱ्या होडीसाठी आहे. ठाण्याच्या बाजूला, कोलशेत किंवा गायमुखकडे राहत असाल तरी यातलं बहुतेक लागू पडेल.

१. पैसे देण्याआधी पंधरा दिवस पाणी बघा

एका अमावास्येपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत, वेगवेगळ्या वेळी, जिथे होडी ठेवायची आहे त्याच जेटीवर जाऊन उभे राहा. तीन गोष्टी वहीत लिहा. सुकतीला, म्हणजे ओहोटी पूर्ण झाल्यावर, जेटीच्या टोकाशी पाणी उरतं का? उरत असेल तर किती? आणि शेजारच्या होड्या त्या वेळी तरंगत असतात की चिखलात बसलेल्या असतात? हे मोजायला दर अर्ध्या मीटरवर रंगाची खूण केलेला बांबू पुरतो.

मुंबईत अपोलो बंदरावर उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची, भरती सरासरी ४.४ मीटरपर्यंत चढते आणि सुकती पाऊण मीटरपर्यंत उतरते. म्हणजे सहा तासांत जवळजवळ ३.६ मीटर फरक, एका मजल्याहूनही जास्त. मोठ्या उधाणाला तो याच्याही पुढे जातो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती ३.३ आणि सुकती १.९ मीटरच्या घरात राहते; फरक जेमतेम दीड मीटर. नवखे इथेच चुकतात. त्यांना वाटतं उधाण म्हणजे भरपूर पाणी. भरतीला ते खरं असतं, पण त्याच दिवशीची सुकती सर्वांत उथळ असते. भांगाच्या सुकतीला उधाणाच्या सुकतीपेक्षा मीटरभर पाणी जास्त मिळतं. होडी कायम तरंगती राहील की नाही, हे उधाणाच्या सुकतीवरच ठरवा.

२. तिथीवरून वेळ काढायला शिका

मोबाइलवर भरतीची वेळ दिसते. तरी कोळीवाड्यात चालणारा हिशेब डोक्यात असू द्या, कारण खाडीत मोबाइल भिजतो. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला ती बाराच्या आसपास येते. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब, आणि दिवसातून दोनदा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. खाडीत जितके आत जाल तितकी भरती अपोलो बंदरापेक्षा उशिरा येते, म्हणून तुमच्या जेटीवरचा फरक त्या पंधरा दिवसांच्या वहीतून काढून ठेवा.

यावरून सुट्टीचा बेत ठरतो. रविवारी अमावास्या आली तर दुपारी बाराला पाणी भरलेलं आणि संध्याकाळी सहाला चिखल. अष्टमी आली तर सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा या भरतीच्या वेळा.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. ३.६ मीटरची ओहोटी असेल तर पहिल्या तासात साधारण ३० सेंटिमीटर, दुसऱ्यात ६०, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी ९०, पाचव्यात ६०, सहाव्यात ३०. भरती संपल्यावर दोन तास पाणी भरपूर वाटतं आणि मग बघता बघता पायाखालून जातं, ते यामुळे.

३. जेटीवर आधीपासून कोण आहे ते ओळखा

दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव, ऐरोलीचा दिवा कोळीवाडा ही गावं शहर वसण्याच्या कितीतरी आधीपासून या खाडीवर जगत आली आहेत. तुमच्यासाठी जेटी हौसेची आहे. त्यांच्यासाठी ती कोळंबी, चिंबोरी, बोई, निवटी उतरवायची जागा आहे, आणि त्यांचा दिवस भरतीने ठरतो. होड्या चढत्या पाण्याबरोबर परततात. त्या तास-दीड तासात जेटीवर टोपल्या, बर्फ आणि जाळी यांची गर्दी असते. त्या वेळी आइसबॉक्स आणि लहान मुलं घेऊन मध्ये उभं राहणं हा या जेट्यांवरचा सर्वांत सामान्य भांडणाचा प्रसंग आहे, आणि तो पूर्ण टाळता येतो.

पहिलं काम म्हणजे गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या लोकांना आणि जेटीवरच्या दोन-तीन वडीलधाऱ्या नाखवांना भेटणं. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज पाठवण्याआधी समोर जा. विचारायचं एवढंच: "नाखवा, आमची होडी कुठे बांधली तर तुम्हाला अडचण होणार नाही?" जी जागा दाखवतील ती बहुधा शेवटची आणि उथळ असेल. ती घ्या.

त्यानंतरचे रोजचे नियम:

- प्रत्येक खुंट्याचा मालक ठरलेला असतो, खुंटा रिकामा दिसला तरी. विचारल्याशिवाय दोर टाकू नका.
- वाळत घातलेल्या जाळ्यावर पाय देऊ नका, त्यावरून चप्पल घालून तर मुळीच जाऊ नका.
- दुसऱ्याच्या होडीवरून आपल्या होडीत जायची वेळ आली तर आवाज द्या, परवानगी घ्या आणि नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून जा. मधल्या भागात त्याचं सामान आणि जाळी असतात.
- दुसऱ्या होडीच्या कडेला आपली होडी लावली तरी आपला पुढचा आणि मागचा दोर जेटीपर्यंत न्या. सगळा भार शेजाऱ्याच्या खुंट्यावर टाकला तर वाऱ्यात त्याचे दोर तुटतात.
- जेटीजवळ आणि पाग टाकणाऱ्या छोट्या होड्यांजवळ अगदी हळू चाला. उभ्याने जाळं फेकणारा माणूस तुमच्या लाटेने पाण्यात पडतो.
- मासे धुतलेलं पाणी, वास, ओली जेटी यांची तक्रार करू नका.

४. होडी निवडताना

सुकतीला चिखलात बसणार असेल तर सपाट किंवा अगदी उथळ व्ही आकाराच्या तळाची घ्या. खोल कण्याची होडी एका कुशीवर कलते, आणि पाणी परत येताना ती सरळ व्हायच्या आधीच कडेवरून आत भरू शकते. सपाट तळालाही एक धोका आहे: मऊ गाळ तळ धरून ठेवतो. पाणी चढतं पण होडी उठत नाही. मागचा भाग इंजिनामुळे जड, त्यामुळे पाणी तिथून आत येतं. उपाय साधा आहे. चढत्या पाण्यात कुणीतरी हजर राहून होडी डावी-उजवी डोलवायची, म्हणजे गाळाची पकड सुटते.

जुनी होडी घेत असाल तर मागच्या आडव्या फळीला, जिथे इंजिन बसतं, हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. टणक आवाज यायला हवा. भद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलेलं आहे, आणि ते काम होडीच्या किमतीच्या बऱ्याच मोठ्या हिश्श्याएवढं होतं. इंजिनाच्या गिअर ऑइलचा स्क्रू सैल करून दोन थेंब बघा. दुधट रंग म्हणजे आत पाणी गेलंय.

५. कागदपत्रं

इंजिन असलेल्या होडीला नोंदणी लागते. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. तुमची जेटी ज्या प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याच्या हद्दीत येते त्याच्या कार्यालयात जा. अंतर्गत जलमार्गांवरच्या यांत्रिक होड्यांसाठी २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन हा आला, आणि यात नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा तिन्ही येतात. कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला आहे.

फाइलमध्ये हे तयार ठेवा:

- होडीचं खरेदी बिल आणि बांधणाऱ्याचं प्रमाणपत्र
- इंजिनाचं बिल, त्यावर सीरियल नंबर ठळक
- सर्व मालकांचे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो
- होडीचे चारी बाजूंचे फोटो, लांबी-रुंदी-खोलीची मापं
- विम्याची पॉलिसी, त्यात तिसऱ्या व्यक्तीचं नुकसान धरलेलं असावं
- जुनी होडी असेल तर आधीचं नोंदणीपत्र आणि विक्रेत्याचं ना-हरकत पत्र

सापळा असा: मासेमारीची जुनी होडी स्वस्तात मिळते, तिच्यावर आयएनडी-एमएच ने सुरू होणारा नंबर असतो, आणि घेणाऱ्याला वाटतं नोंदणी झालेलीच आहे. ती नोंदणी मासेमारीसाठीची आहे. हौशी वापरासाठी रीतसर बदल करून घेतल्याशिवाय कुटुंबाला घेऊन निघू नका. २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर तपासणी कडक झाली आहे. सागरी पोलिसांनी थांबवलं तर मूळ कागद होडीत, पाण्यापासून सुरक्षित पिशवीत हवेत. प्रत्येकाचं ओळखपत्रही.

आणि सोसायटीने "आपली स्वतःची छोटी जेटी बांधू" असा ठराव मांडला तर तिथेच थांबवा. भरतीरेषेलगतची जागा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात येते. तिवरांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. तिवरांभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. चार फांद्या छाटून वाट करणं हासुद्धा गुन्हाच.

६. दोर: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

नवख्यांच्या होड्यांचं सर्वाधिक नुकसान बांधलेल्या अवस्थेत होतं. जेटी पक्की, जागची न हलणारी. होडी मात्र उधाणाला दिवसातून दोनदा साडेतीन-चार मीटर वर-खाली जाते. भरतीला नीटनेटका आखूड दोर बांधून घरी गेलात की सहा तासांनी होडी त्या दोरावर लटकते. मग क्लीट, म्हणजे होडीवरचा दोर बांधायचा आकडा, उपटतं, किंवा होडी एका बाजूने वर राहून कलते आणि बुडते. उलट, सुकतीला आखूड बांधली तर चढत्या पाण्यात नाळ खाली खेचली जाते.

हिशेब करून बघा. भरतीला होडी आणि खुंटा एकाच पातळीवर आहेत असं धरा. दोर ५ मीटरचा असेल तर ४ मीटर पाणी उतरल्यावर त्याची आडवी पोच ३ मीटर उरते, म्हणजे होडी दोन मीटर ओढली जाते. दोर १२ मीटरचा असेल तर त्याच उताराला आडवी पोच ११.३ मीटर राहते. फरक फक्त ७० सेंटिमीटर. म्हणून दोर लांब हवेत, आणि ते लांब राहण्यासाठी जेटीच्या कडेने तिरपे न्यायला हवेत.

चार दोर लावा:

- नाळेपासून पुढे, होडीच्या दुप्पट अंतरावरच्या खुंट्याला
- मागच्या टोकापासून तेवढंच मागे
- नाळेपासून मागच्या दिशेला तिरपा
- मागच्या टोकापासून पुढच्या दिशेला तिरपा

शेवटचे दोन होडीला पुढे-मागे सरकू देत नाहीत. पहिले दोन तिला जेटीशी धरतात. काटकोनात सरळ जेटीला जाणारा आखूड दोर रात्रभर कधीही ठेवू नका. माणसं चढ-उतार करताना पाच मिनिटांपुरता ठीक.

दोर नायलॉनचा, १२ मिलिमीटर. नायलॉन ताणला जातो, झटका पचवतो. बाजारात स्वस्त मिळणारी निळी-हिरवी प्लास्टिकची दोरी तरंगते, शेजाऱ्याच्या इंजिनाच्या पंख्यात अडकते आणि उन्हाने वर्षभरात कडक होऊन तुटते. कठड्याला घासणाऱ्या जागी जुन्या होजपाइपचा हातभर तुकडा दोरावर चढवा. जेटीच्या खांबांवर कालवं आणि शिंपले चिकटलेले असतात, ते सुरीसारखे कापतात. फायबरला त्यांच्यापासून वाचवायला नुसते गोल फेंडर (कडेला टांगायच्या रबरी गाद्या) पुरत नाहीत, पाणी उतरताना ते खांबांच्या मधल्या रिकाम्या जागेत जातात. दोन फेंडरच्या बाहेरून सहा फुटी आडवी फळी टांगा. फळी खांबावर घासेल, होडी नाही. टायर लावायचे तर स्कूटरचे, वरून जाड कापड शिवून.

पहिल्या उधाणाला एक पूर्ण सुकती जेटीवर थांबून दोर कसे ताणले जातात ते बघा. मगच रात्री होडी एकटी सोडा.

७. निघण्याआधी आणि परतताना

बूच लावलंय का? होडी बाहेर काढल्यावर पाणी निघून जायला तळाचं बूच काढतात आणि उतरवताना विसरतात. किल्ली आणि बूच एकाच साखळीत ठेवा.

लाइफ जॅकेट माणसागणिक एक, मुलांना मुलांच्या मापाचं, आणि ते अंगात घातलेलं. वल्ही दोन. शिट्टी, बॅटरी, पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर, पाणी उपसायला डबा. नांगर गाळात धरणारा, रुंद पात्यांचा घ्या. चार दातांचा छोटा नांगर मऊ चिखलातून नांगरटीसारखा ओढला जातो. रुंद पात्यांच्या नांगराला तीन-चार मीटर साखळी आणि पुढे दोर. सुकतीला दोन मीटर पाणी असलेल्या जागी उधाणाला सहा होतं, नाळेची उंची धरून साडेसहा. दोर याच्या पाचपट हवा, म्हणजे ३२ मीटर. दहा मीटरच्या दोरावर होडी वाहून जाणारच.

इंजिन चालू केल्यावर मागून पाण्याची बारीक धार पडते ती बघा. धार नसेल तर लगेच बंद करा. आपल्या खाडीत गाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या दोन्ही भरपूर. पिशवी इंजिनाच्या पाणी ओढायच्या भोकांवर बसते आणि दोन-तीन मिनिटांत आतला रबरी पंखा जळतो. जादा रबरी पंखा आणि तो बदलायचा पाना होडीत ठेवा.

भरतीच्या दोन तास आधी निघा, भरतीनंतर दोन तासांच्या आत जेटीवर या. चढत्या पाण्यात रुतलात तर पंधरा मिनिटांत सुटाल. उतरत्या पाण्यात रुतलात तर सात-आठ तासांची निश्चिती. अशा वेळी ढकलायला कुणीही खाली उतरू नये. हा गाळ मांड्यांपर्यंत, कुठे कंबरेपर्यंत घेतो, आणि पाणी परत येईल तेव्हा पाय निघत नाहीत. होडीतच बसा, नांगर टाका, जेटीवर फोन करा. जिवावरचा प्रसंग असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

अंधारात डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा दिवा. समोरून होडी आली तर आपण उजवीकडे वळायचं.

८. कुठे जायचं नाही

बोकशी आणि डोल जाळ्यांचे खुंटे पाण्यातून हातभर वर दिसतात, भरतीला तेवढेही नाही. दोन खुंट्यांच्या मधून जाऊ नका, जाळं तिथेच असतं. जाळं फाटलं तर पळून न जाता जेटीवर येऊन सांगा आणि भरपाई द्या.

ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०१५ मध्ये घोषित झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळ झालं. तिथे आपली होडी घेऊन जायचं नाही. रोहित (फ्लेमिंगो) बघायचे तर ऐरोलीच्या केंद्रातून वन विभागाची फेरी आहे, तिने जा. पुलांखालून जाताना दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेचा मध्य धरा. खांबांजवळ भोवरे असतात, आणि उधाणाला पुलाखालची उंचीही कमी होते. दक्षिणेला ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राचा किनारा, बुचर बेटाचे तेलाचे धक्के आणि न्हावा-शेवाचा जहाजांचा मार्ग यांच्यापासून लांब राहा. मोठं जहाज तुमच्यासाठी थांबू शकत नाही.

९. पेट्रोल

तीन भागांचा नियम: एक जायला, एक यायला, एक राखीव. परतताना ओहोटी समोरून असेल तर तो राखीव भाग खरोखर लागतो.

परवान्याशिवाय स्वतःच्या वापरासाठी जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल ठेवता येतं, एका डब्यात २५ लिटरच्या वर नाही. चार घरांनी प्रत्येकी डबे आणून सोसायटीच्या स्टिल्टमध्ये एकत्र ठेवले की ही मर्यादा गेली आणि विम्याचा दावाही. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोल-तेलाचं प्रमाण ५०:१ सांगितलं असेल तर लिटरमागे २० मिली तेल. भरताना टाकी होडीतून उचलून जेटीवर ठेवा. होडीत सांडलेल्या पेट्रोलची वाफ तळाशी साठते आणि बटण दाबताच पेटते.

१०. भागीदारीचा कागद

नोंदणी आणि विमा सर्वांच्या नावाने. लेखी करारात चार गोष्टी पुरतात: वार कसे वाटायचे, दरमहा किती जमा करायचं, नुकसान कोण भरणार, आणि घर विकून जाणाऱ्याचा हिस्सा कसा मोजायचा. वार वाटताना तारखा पक्क्या करू नका. एकाच्या वाट्याला सतत भर दुपारची सुकती येते आणि कुरबुर सुरू होते. पंचांग समोर ठेवून भरत्या वाटा. होडीतल्या वहीत प्रत्येक फेरीला तारीख, भरतीची वेळ, इंजिन किती तास चाललं, किती पेट्रोल उरलं आणि काय बिघडलं ते लिहायचं. परतल्यावर दहा मिनिटं गोड्या पाण्याने इंजिन धुवायचं काम ज्याची फेरी त्याचं.

११. पावसाळा

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तुमची होडी मासेमारीची नसली तरी मेअखेर बाहेर काढा. उतारावर ट्रेलर खोल न्यावा लागतो, म्हणून मे महिन्यातल्या शेवटच्या अमावास्या-पौर्णिमेची दुपारची भरती धरा. ती चुकली तर पुढच्या उधाणाला वारा सुरू झालेला असतो.

पाण्यात ठेवलेली होडी पावसानेच बुडते. अठरा फुटी होडीचं उघडं क्षेत्र अकरा चौरस मीटर धरलं तर १०० मिलिमीटर पावसात तिच्यात ११०० लिटर, म्हणजे एक टनाहून जास्त पाणी साठतं. आपल्याकडे एवढा पाऊस एका रात्रीत पडतो, आणि पंपाची बॅटरी पहाटेपर्यंत उतरते.

ट्रेलरवर नाळ थोडी उंच ठेवा, बूच काढा, मध्ये बांबूचा आढा घालून त्यावर ताडपत्री ताणा. झोळ राहिला तर पाणी साठून डासांच्या अळ्या होतात. तळाला चिकटलेले शिंपले त्याच दिवशी, ओले असतानाच खरवडा. वाळल्यावर छिन्नी लागते. इंजिन काढून उभं ठेवा, आडवं नको, म्हणजे आतलं पाणी गळून जातं. कार्बोरेटर रिकामा करा, गिअर ऑइल बदला, इंजिनाला गंजापासून वाचवणारा झिंकचा तुकडा अर्धा झिजला असेल तर नवीन लावा.

कोळीवाडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. त्या आधी आपली होडी उतरवू नका, आणि त्या दिवशी जेटीवर बोलावणं आलं तर घरच्यांना घेऊन जा. होडी उतरवल्यावर पहिल्या फेरीला खाडीत दूर जायचं नाही: जेटीला बांधलेल्या अवस्थेत इंजिन वीस मिनिटं चालवा, पाण्याची धार बघा, तळाशी पाणी झिरपतंय का ते बघा, आणि चारही दोर हातातून फिरवून कुठे धागे तुटलेत का ते तपासा.